उघडता येईल असं जोडावं

जुन्या युकुलेलेची तपासणी आतून सुरू करावी. उडालेलं पॉलिश, तुटकी खुंटी, सुटलेली घोडी हे सगळं वरवर लगेच दिसतं आणि मन त्यातच अडकतं. पण वाद्याची खरी हकीकत आत असते. त्याचं नादछिद्र जेमतेम पाच सेंटिमीटरचं, म्हणजे हात आत जाण्याचा प्रश्नच नाही. दंतवैद्य वापरतात तसला दांडीचा छोटा आरसा आणि वाकवता येणारा बारीक दिवा आत सोडायचा. मग मूळ कारागिराच्या पटाशीच्या खुणा दिसतात, सांध्यांवर सुकलेले सरसाचे तपकिरी ओघळ दिसतात, आणि नशीब चांगलं असेल तर पाठीच्या फळीवर आतून डकवलेलं कागदी लेबलही सापडतं.

त्या लेबलवरची दोन अक्षरंसुद्धा काळ सांगून जातात. होनोलुलूच्या पत्त्यापुढे ‘टी. एच.’ असेल, तर वाद्य १९०० ते १९५९ या काळातलं समजावं. ‘टी. एच.’ म्हणजे टेरिटरी ऑफ हवाई. त्या काळात ही बेटं अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश होती. २१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई हे राज्य झालं आणि ही अक्षरं पत्त्यातून गेली. काही वाद्यांवर ‘टाबू’ असा जाळलेला छाप असतो. मुख्य भूमीवरचे कारखाने हवाईच्या नावावर आपला माल खपवू लागले, तेव्हा अस्सल हवाई बनावट ओळखू यावी म्हणून हा छाप वापरात आला. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या मार्टिन कंपनीची गोष्ट वेगळी. तिच्या गिटारवर अनुक्रमांक असतो, पण अगदी सुरुवातीची काही सोडली तर युकुलेलेवर नाही. तिथे खुणा जुळवाव्या लागतात: कंपनीचं नाव माथ्याच्या मागच्या बाजूला नुसतं ठोकलेलं असेल तर वाद्य साधारण १९३०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचं, आणि पुढच्या बाजूला छापील चिकटचित्र असेल तर त्यानंतरचं. पॉलिश पेपरचे चार हात फिरवले की यातलं बरंचसं कायमचं पुसलं जातं. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी वाद्याचे आतून-बाहेरून फोटो काढावेत आणि मापं टिपून ठेवावीत. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण माझ्या मते दुरुस्तीचा निम्मा शहाणपणा इथेच आहे.

युकुलेले हवाईचं म्हणून जगाला माहीत आहे, पण ते घडवणारे हात अटलांटिक महासागरातल्या मडेरा बेटावरून आले. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज चार महिन्यांच्या प्रवासानंतर होनोलुलूच्या बंदराला लागलं. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आणलेले चारशेहून अधिक पोर्तुगीज स्त्री-पुरुष आणि मुलं त्यात होती. त्यांच्यातले मॅन्युएल नुनेस, आउगुश्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे सुतार होते, फर्निचर बनवणारे. त्याच जहाजातला जुआंव फर्नांडिस वाजवण्यात पटाईत होता. गोव्याच्या वाचकाला ही नावं आपल्याच वाड्यावरची वाटतील, कारण साम्राज्य एकच होतं. मळ्यावरच्या कामातून सुटल्यावर हे सुतार होनोलुलूत आले आणि काही वर्षांत वाद्यं बनवून विकू लागले. मडेराच्या ‘माशेत’ या चार तारांच्या छोट्या वाद्याचा आकार त्यांनी घेतला, ‘रजांव’ या पाच तारांच्या वाद्यातल्या चार तारांची जुळणी घेतली, आणि लाकूड मात्र बेटावरचं वापरलं. राजा कलाकौआने या वाद्याला दरबारात मान दिला आणि हुला नृत्याच्या साथीला बसवलं. परदेशी कामगारांचं वाद्य दहा-पंधरा वर्षांत हवाईचं झालं, त्यात या राजाश्रयाचा वाटा मोठा होता.

१९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाईच्या दालनातलं संगीत ऐकून अमेरिकेला या वाद्याचं वेडच लागलं. होनोलुलूच्या जोना कुमालाए यांच्या युकुलेलेंना त्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. सॅम्युएल कामाका यांनी १९१६ साली आपलं दुकान थाटलं. पुढे अननसाच्या आकाराचं युकुलेले त्यांनीच काढलं, आणि त्यांच्या घराण्याचा कारखाना आजही होनोलुलूत चालू आहे. शिकागोत तर युकुलेलेंचा महापूर आला. सिअर्स या बड्या व्यापारी पेढीने १९१६ साली हार्मनी ही वाद्यकंपनीच विकत घेतली. आज पोटमाळ्यावर किंवा जुन्या बाजारात सापडणारी बहुतेक लाकडी युकुलेले याच लाटेतली असतात. म्हणजे त्यांचं वय साधारण शंभर.

मार्टिन कंपनीच्या एका फसलेल्या प्रयत्नाची आठवण इथे करून द्यायला हवी, कारण दुरुस्ती करणाऱ्यासाठी त्यात मोठा धडा आहे. १९०७ साली या कंपनीने थोडी युकुलेले बनवून पाहिली. गिटार बनवण्यात तिचा हात कोणी धरला नसता. तिने गिटारच्याच रीतीने स्प्रूसची तबली बसवली आणि आतून भक्कम पट्ट्या ठोकल्या. वाद्य मजबूत झालं, पण बोलेना. गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. पुन्हा १९१५-१६ च्या सुमाराला कंपनीने महोगनीची पातळ तबली आणि अगदी हलक्या पट्ट्या घेऊन नव्याने सुरुवात केली, आणि तीच युकुलेले आज संग्राहक शोधत फिरतात. (तबली म्हणजे वरची फळी, जिच्यावर घोडी बसते. मिरजेचे सतार बनवणारे कारागीर हाच शब्द वापरतात आणि तो इथेही चपखल बसतो.)

यामागचं गणित साधं आहे. फळीचा ताठरपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. दोन मिलिमीटरची तबली घासून १.६ मिलिमीटर केली, तर जाडी एक-पंचमांशाने घटते, पण ताठरपणा जवळजवळ निम्मा होतो. सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या छोट्या युकुलेलेची तबली मुळातच दीड ते दोन मिलिमीटर जाडीची असते. चार नायलॉनच्या तारांचा मिळून ताण साधारण १५ ते २० किलो. पोलादी तारांच्या गिटारवर तो सत्तर किलोच्या घरात जातो. एवढ्या थोड्या जोरावर खोली भरेल असा आवाज काढायचा, तर फळी पातळ आणि हलकी असण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून जुना रंग काढण्यासाठी तबली खरवडणं घातक, आणि फाटलेल्या जागी जाड ठिगळ मारणंही तितकंच घातक. एकात फळी दुबळी होते, दुसऱ्यात मुकी होते.

हवाईच्या वाद्यांचं लाकूड म्हणजे कोआ. हे झाड फक्त हवाई बेटांवरच उगवतं. हवाईचे लोक याच्याच खोडातून समुद्रात जाणारी होडकी कोरत. तांबूस-सोनेरी रंग, आणि काही फळ्यांत उजेड फिरला की हलणाऱ्या लाटा. झाड अकेशिया कुळातलं आहे. कोकणात रस्त्याकडेला आणि ओसाड माळांवर सामाजिक वनीकरणाने लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आपण पाहतो, ती याच कुळातली बहीण. दोघींच्या कोयतीसारख्या वाकड्या ‘पानां’वरून नातं ओळखता येतं; ती खरी पानं नव्हेतच, चपटे झालेले देठ आहेत.

आता भेगा. होनोलुलूची हवा बाराही महिने दमट. तिथे बनलेलं वाद्य पर्यटकाच्या सामानातून शिकागोला किंवा न्यूयॉर्कला गेलं, की हिवाळ्यात शेगडीने तापवलेल्या कोरड्या घरात सापडायचं. लाकूड पाणी सोडतं तेव्हा लांबीत फारसं आकसत नाही, रुंदीत आकसतं. पंधरा-सोळा सेंटिमीटर रुंदीची फळी अशा बदलात एक-दोन मिलिमीटरने अरुंद होऊ पाहते. पण तिच्या कडा चिकटवलेल्या आणि पोटाशी आडव्या पट्ट्या. आकसायला वाव नसला की ती रेषेत फुटते. जुन्या युकुलेलेवरच्या बहुतेक उभ्या भेगा अशा पडलेल्या असतात, कोणी आपटल्यामुळे नव्हे.

त्यामुळे भेग दिसली की लगेच गोंद उचलायचा नाही. आधी लाकडाला पाणी परत द्यायचं, तेही हवेतून. बंद पेटीत किंवा पिशवीत ओलसर स्पंज ठेवून हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखायची आणि वाद्य काही आठवडे तसंच ठेवायचं. स्पंज लाकडाला टेकता कामा नये. पुष्कळदा भेगेचे काठ आपोआप एकमेकांना भिडतात. घाईने उघडी भेग भरून टाकली आणि पुढे पावसाळ्यात लाकूड फुगलं, तर भरलेला माल पाचरीचं काम करतो आणि शेजारी नवी भेग पडते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात असं वाद्य असेल तर काळजी उलट बाजूने घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सांधे सैल होतात, बुरशी धरते. तिथे पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

भिडलेली भेग जोडायची ती सरसाने. या एका पदार्थावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुन्या वाद्यांची सगळी दुरुस्ती त्याच्यावर उभी आहे. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून काढलेलं जिलेटीन. पांढरा गोंद येण्याआधी आपल्याकडचे सुतारही तोच शिजवत. जुन्या लोकांना त्याचा उग्र वास आठवत असेल. सरसाचे दाणे गार पाण्यात भिजवायचे, फुगू द्यायचे, आणि मग गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात साधारण ६० अंशांपर्यंत तापवायचे. उकळला की त्याची ताकद जाते. लावल्यावर मिनिटभरात तो थिजू लागतो, म्हणून लाकूड आधी कोमट करून घ्यायचं आणि हात भराभर चालवायचे. या घाईच्या कामाला आजचे कारागीर कंटाळतात, पण त्याच्या गुणांना जोड नाही. सुकल्यावर तो कडक होतो, ताणाखाली सरकत नाही, कंप गिळत नाही. जुन्या सरसावर नवा सरस घट्ट बसतो. आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे ऊब आणि ओलावा दिला की तो सुटतो. कोरड्या सांध्यात पातळ पाती सरकवून नेमका झटका दिला, तर चिक्कीसारखा कटकन तुटतो आणि लाकडाला ओरखडाही येत नाही. १८८० च्या दशकात नुनेसने जोडलेला सांधा आज उघडता येतो, दुरुस्त करून पुन्हा मिटता येतो. असं वाद्य घडतानाच उघडण्याच्या सोयीने घडलेलं असतं.

फर्निचरसाठी पांढरा गोंद उत्तम, पण इथे तो दोन प्रकारे नडतो. सतत ताण असलेल्या सांध्यात तो हळूहळू सरकतो, आणि लाकडात मुरला की त्या जागी पुन्हा सरस धरत नाही. इपॉक्सी आणि झटपट चिकटणारे गोंद त्याहून वाईट. त्यांनी जोडलेली घोडी पुढे काढायची वेळ आली, तर तबलीचे तंतूही सोबत निघतात. जुन्या युकुलेलेवर सर्वांत जास्त वेळ जातो तो वयाच्या खुणांवर नाही, आधीच्या कोणीतरी प्रेमाने केलेल्या अशा दुरुस्त्या निस्तरण्यात.

भेगेत सरस शिरवायला बाहेरून अंगठ्याने हलके दाब देत राहायचं. काठ वर-खाली हलतात आणि सरस आत ओढला जातो. मग आतून आधार. सुमारे एक मिलिमीटर जाडीचे, सेंटिमीटरभर रुंदीचे शंकरपाळ्याच्या आकाराचे लाकडी तुकडे भेगेवर ओळीने बसवतात. त्यांच्या रेषा भेगेला आडव्या ठेवायच्या आणि कडा तासून अगदी पातळ करायच्या, म्हणजे वजन वाढत नाही. हात आत जात नसल्याने ते नेमके बसवण्यासाठी कारागीर छोटी चुंबकं वापरतात: एक तुकड्याबरोबर आत, दुसरं बाहेर. बाहेरचं सरकवलं की आतलं जागेवर येतं आणि तिथेच दाबून धरतं. काठांचा तुटका कोपरा हरवला असेल, तर त्याच जातीच्या जुन्या लाकडाची बारीक चीप रेषा जुळवून बसवायची. भुसा आणि झटपट गोंद यांचा लगदा भरण्याची पद्धत सगळीकडे दिसते. ती करू नये. तो लगदा पुढे काळा पडतो आणि कधीच निघत नाही.

सुटलेल्या पट्ट्या शोधण्यासाठी बोटाच्या पेराने तबलीवर आणि पाठीवर ठिकठिकाणी टकटक करावी. सांधा धड असेल तर आवाज एकसंध येतो, सुटलेला असेल तर त्यात किरकिर मिसळते. घोडी अर्धवट उचललेली असेल तर ती तशीच दाबून चिकटवू नये. कोमट पात्याने पूर्ण सोडवावी, दोन्ही बाजूंचा जुना सरस ओल्या फडक्याने पुसून काढावा आणि मगच बसवावी. तिची जागा मूळ ठशावरून मिळते. ठसा बिघडला असेल तर मानेवरच्या आडापासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजून दुप्पट करावं. सोप्रानोत हे एकूण अंतर साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर भरतं. घोडीची जागा दीड-दोन मिलिमीटरने चुकली, तरी वरचे सगळे सूर बेसुरे होतात.

खुंट्या आणि पडदे यांचं काम सोपं आहे. लाकडी खुंटी घसरत असेल तर तिला खडू लावावा, आपल्याकडे तानपुऱ्याला लावतात तसाच. अडकत असेल तर किंचित कोरडा साबण. जुन्या हवाई वाद्यांत पडदे वेगळ्या पट्टीवर नसतात, मानेच्याच लाकडात चिरा पाडून बसवलेले असतात, तेव्हा ते उपसताना कडेचं लाकूड उडू नये एवढं बघावं. गियरच्या नव्या खुंट्या बसवल्या तर जुन्या फेकू नयेत, पेटीतच ठेवाव्यात.

पॉलिशपाशी मात्र पुन्हा थांबलं पाहिजे. जुन्या हवाई युकुलेलेवरचं पॉलिश बहुधा लाखेचं असतं. कानाकोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टेकवला आणि जागा चिकट झाली, की लाख आहे हे नक्की. अतिनील दिव्याखाली लाख नारिंगी छटेत उजळते. अमेरिकी कारखाने १९२० च्या दशकात हळूहळू नायट्रोसेल्युलोज लॅकरकडे वळले, त्यामुळे नंतरच्या वाद्यांवर ते सापडतं. लाख मात्र आपली. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर पोसणारे किडे ती तयार करतात. त्या काळी जगात वापरली जाणारी बहुतेक लाख भारतातूनच जाई आणि आजही झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत ती गोळा होते. होनोलुलूच्या कारागिराच्या बोळ्यातली लाखही त्याच व्यापारातून आलेली असणार. हवाई संगीताच्या ज्या ग्रामोफोन तबकड्या १९१६ च्या सुमाराला अमेरिकेत धडाधड खपल्या, त्यांच्यातही लाखच होती. वाद्याच्या अंगावर आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेत एकच पदार्थ, आणि तो गोळा करणारे आपले आदिवासी.

लाखेचं पॉलिश काढून टाकायची गरज जवळजवळ कधीच नसते. आधी स्वच्छता. साध्या मळाला किंचित ओलसर मऊ कापड पुरतं. संग्रहालयांतले जाणकार तर कापसाच्या बोळ्यावर थुंकी घेऊन मळ काढतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण पोर्तुगीज संशोधकांनी १९९० साली प्रयोग करून दाखवलं की थुंकीतलं अमायलेज हे विकर मळ सोडवतं आणि खालच्या पॉलिशला इजा करत नाही. त्यानंतर जिथे लाख विरली असेल तिथेच स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात बोळ्याने द्यावा. नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते, सीमारेषा राहत नाही. फ्रेंच पॉलिश करणारा जुना कारागीर ओळखीचा असेल तर त्याला हे काम अवगत असतंच, फक्त थर जाड करू नको हे त्याला आधी सांगावं. कडेला सेल्युलॉइडची पट्टी असलेल्या वाद्यांजवळ उष्णता नेऊ नये. सेल्युलॉइड भडकन पेटतं. तारा जिथे छेडल्या जातात तिथला झिजलेला भाग, वादकाच्या अंगठ्याने मानेवर पाडलेला गुळगुळीत डाग हे दोष नव्हेत. ते तसेच राहू द्यावेत.

असं का, हे नाझरेथच्या मार्टिन संग्रहालयातल्या एका युकुलेलेवरून समजतं. रिचर्ड कॉन्टर हा अमेरिकी नौदलातला माणूस युकुलेलेचा मोठा शौकीन होता. १९२६ साली रिचर्ड बर्ड यांच्या उत्तर ध्रुव मोहिमेत तो सामील झाला. ९ मे १९२६ रोजी बर्ड आणि वैमानिक फ्लॉइड बेनेट यांनी ध्रुवाच्या दिशेने उड्डाण केलं, तेव्हा बेनेटच्या मदतीने कॉन्टरचं कोआचं मार्टिन युकुलेलेही विमानात होतं. (विमान खरोखर ध्रुवावर पोचलं का, यावर आजही वाद आहे.) परतल्यावर कॉन्टरने त्या वाद्यावर सह्या गोळा करायला सुरुवात केली: बर्ड, आमुन्सेन, राष्ट्राध्यक्ष कूलिज, एडिसन, लिंडबर्ग. दीडशेहून अधिक सह्यांनी तबली, पाठ, कडा सगळं भरून गेलं. दशकं उलटली, शाई विरली, लाकूड गडद झालं आणि अनेक सह्या डोळ्यांना दिसेनाशा झाल्या. एखाद्या उत्साही माणसाने ते युकुलेले ‘नव्यासारखं’ करायला घेतलं असतं, तर पॉलिश पेपरच्या पहिल्या हातातच तो सारा काळ भुशाबरोबर उडाला असता. तसं झालं नाही. अभ्यासकांनी वाद्याला हात न लावता स्मिथसोनियनच्या संवर्धन तज्ज्ञांच्या मदतीने वेगवेगळ्या प्रकाशात त्याची छायाचित्रं घेतली आणि बुजलेल्या सह्या त्यांतून वाचल्या. आपल्या हातातल्या युकुलेलेवर एडिसनची सही नसेल. पण लेबल, पेन्सिलीच्या खुणा, झीज यांतून पुढच्या काळातला कोण काय वाचू शकेल, हे आज आपल्याला ठरवता येत नाही.

लाकडाच्या बाबतीत कायद्याचीही जाण हवी. ब्राझीलच्या रोझवूडचा व्यापार १९९२ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद आहे. २०१७ साली शिसवीच्या संपूर्ण कुळावर निर्बंध आले, त्यात आपल्या सह्याद्रीतली शिसवही आली; २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, ब्राझीलच्या जातीला मात्र नाही. जुनं वाद्य परदेशातून मागवताना किंवा बाहेर नेताना त्यात कोणतं लाकूड आहे, हे आधी पाहून घ्यावं. दुरुस्तीला जुळतं लाकूड हवं असेल तर मोडीत निघालेल्या जुन्या वाद्यांचे तुकडे सर्वांत चांगले.

शेवटी तारा. मुळात या वाद्यावर आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं, आता फ्लुरोकार्बनही चालतं. पोलादी तारा चढवू नयेत. घोडी उखडते, तबली पोटापाशी फुगते, आणि ही हानी वर्षानुवर्षं पुरते. नव्याने जोडलेल्या वाद्याला एकदम पूर्ण सुरात आणू नये. पहिले काही दिवस सूर खाली ठेवावा, रोज थोडा चढवावा, आणि प्रत्येक वेळी घोडीच्या मागच्या कडेला कागदाचा कपटा सरकतो का ते बघावं. बाराव्या पडद्यावर तारेची उंची अडीच ते तीन मिलिमीटर असली की बोटांना त्रास होत नाही. पहिल्या आठवड्यात आवाज बंदिस्त वाटेल. वाजवत राहावं, तो खुलतो.

तुमच्या घरात, एखाद्या नातेवाइकाच्या माळ्यावर किंवा चोरबाजाराच्या ढिगात असं एखादं वाद्य सापडलं, तर एवढं करा: तारा सैल सोडा, पण उतरवून टाकू नका. पेटीच्या तळाशी पडलेला लाकडाचा प्रत्येक कपटा, प्रत्येक पडदा, मोडकी खुंटी पाकिटात घालून वाद्याबरोबर ठेवा. उन्हात सुकवू नका, तेल पाजू नका, घरातला गोंद लावू नका. आणि ज्याच्या हाती दुरुस्तीला द्याल, त्याला पहिला प्रश्न हा विचारा, की तुम्ही जोडलेलं पुढच्या माणसाला उघडता येईल का. उत्तर ‘नाही’ असेल, तर वाद्य घरी परत आणा.